यीस्टची पोकळ फुगणारी रोटी घरी कशी भाजावी

यीस्ट घालून आंबवलेल्या पिठाची चपटी रोटी घरी करायची म्हटले की नवख्या माणसाला धास्ती वाटते ती यीस्टची, आणि प्रत्यक्षात घात होतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. पाणी किती गरम घेतले यावर यीस्ट जगणार की मरणार हे ठरते. किती घातले यावर पीठ लवचिक होणार की घट्ट गोळा होऊन बसणार हे ठरते. आणि भाजताना त्याच पाण्याची वाफ होऊन रोटी फुगते. म्हणून या लेखात यीस्टइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, लक्ष पाण्याकडे दिले आहे.

येथे जी रोटी करायची आहे ती पिटा या नावाने ओळखली जाणारी, वितीपेक्षा थोडी लहान आणि भाजताना दोन पापुद्रे सुटून आतून पोकळ होणारी आहे. सुरुवात करणाऱ्याने हीच निवडावी, असे माझे मत आहे. तिला साचा लागत नाही, एकेक रोटी चार-पाच मिनिटांत भाजून होते, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे काही चुकले तर ते पहिल्याच रोटीवर कळते, त्यामुळे उरलेल्या नऊ सुधारता येतात. मोठ्या पावाच्या बाबतीत ही सवलत नसते. तेथे चूक दिसते ती पाव कापल्यावर, आणि तोवर हातात काहीच उरलेले नसते.

जिन्नस आणि मापे

दहा रोट्यांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ३२५ ग्रॅम पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम साखर आणि २० ग्रॅम तेल घ्यावे. पाणीसुद्धा ग्रॅममध्येच मोजावे, कारण पाण्याचा १ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम, आणि भांडे वजनकाट्यावर ठेवूनच पाणी ओतता आले की मापाच्या भांड्यावरच्या रेघा डोळे बारीक करून बघाव्या लागत नाहीत. पीठ वाटीने मोजण्याचा मोह मात्र टाळावा. तीच वाटी हलक्या हाताने भरली तर तिच्यात १२० ग्रॅम पीठ मावते आणि दाबून भरली तर १५० ग्रॅम. एवढ्या फरकाने मऊ पीठ घट्ट होते आणि दोष मात्र कृतीला दिला जातो. वजनकाटा नसेल तर तो आधी आणावा आणि रोटी मग करावी, इतक्या टोकाला मी या बाबतीत जातो.

बेकरीत काम करणारे लोक ही मापे टक्क्यांत मांडतात. पीठ नेहमी १०० धरायचे आणि बाकीचे सगळे जिन्नस त्याच्या हिशोबात सांगायचे, अशी ती पद्धत आहे. त्या हिशोबाने वरच्या पिठात पाणी ६५ टक्के, यीस्ट १ टक्का, मीठ १.८ टक्के, साखर १ टक्का आणि तेल ४ टक्के आहे. ही पद्धत एकदा अंगवळणी पडली की २०० ग्रॅम पिठाच्या चार रोट्या करायच्या असोत की २ किलोच्या चाळीस, गुणाकार करण्यापलीकडे काही उरत नाही, आणि दुसऱ्या कोणाची कृती वाचताना ते पीठ सैल असेल की घट्ट हेही भांडे हातात घेण्यापूर्वीच समजते.

मैद्याच्या पाकिटावर दर १०० ग्रॅममागे प्रथिने किती हे लिहिलेले असते. तो आकडा १० ते १२ असावा. गव्हातील ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिने पाण्यात भिजली की एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे जाळे तयार होते, आणि यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यातच अडकून राहतो. प्रथिने फार कमी असली तर जाळे विरळ होते आणि वायू निसटून जातो. गव्हाचे कोंड्यासह दळलेले पीठ वापरायचे असेल तर पहिल्या वेळी निम्मे मैदा आणि निम्मे ते पीठ असे घ्यावे, आणि पाणी २५ ग्रॅमने वाढवावे. कोंडा पाणी जास्त शोषतो, पण सावकाश शोषतो, शिवाय त्याच्या धारदार कडा ग्लुटेनचे धागे तोडत राहतात. केवळ कोंड्याच्या पिठाची रोटी फुगत नाही असे नाही, मात्र हात बसल्यावरच तिच्या वाटेला जावे.

मिठाचे काम केवळ चवीचे नाही. ते ग्लुटेन घट्ट करते आणि यीस्टला थोडा लगाम घालते. मीठ घालायचे राहून गेलेले पीठ भराभर फुगते, हाताला चिकटते आणि भाजल्यावर त्याला पुठ्ठ्याची चव येते. साखरेवाचून अडत नाही, कारण पिठातील विकरे स्टार्चपासून यीस्टला पुरेल इतकी साखर तयार करतात, पण एक चमचाभर साखरेने सुरुवात लवकर होते आणि इतक्या कमी वेळात भाजल्या जाणाऱ्या रोटीला रंगही चांगला येतो. तेल रोटीला मऊ ठेवते.

यीस्ट जिवंत आहे हे लक्षात ठेवावे

बेकरीचे यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी नावाची एकपेशीय बुरशी. ती साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल बाहेर टाकते. वायूने पीठ फुगते, आणि अल्कोहोलचा बहुतेक भाग भाजताना उडून जातो.

यीस्ट तीन रूपांत मिळते. ताजे यीस्ट ओलसर, ठिसूळ वडीच्या रूपात असते आणि फ्रीजमध्येही दोन-तीन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. दुसरे अ‍ॅक्टिव्ह ड्राय, म्हणजे जाडसर दाण्यांचे कोरडे यीस्ट; ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तयार झाले, कारण छावण्यांवर शीतकपाट नसताना पाव भाजायचे होते. त्याच्या प्रत्येक दाण्याभोवती मृत पेशींचे कवच असते, त्यामुळे ते आधी कोमट पाण्यात भिजवून जागे करावे लागते. तिसरे इन्स्टंट यीस्ट, जे १९७० च्या दशकात बाजारात आले. त्याचे दाणे बारीक असतात आणि ते सरळ कोरड्या पिठात मिसळता येते. जुन्या कृतींत यीस्ट आधी फुलवून घेण्याचा जो आग्रह दिसतो तो दुसऱ्या प्रकारासाठी होता, आणि तिसरा प्रकार आल्यावरही तो सवयीने तसाच चालत राहिला. तुमच्या हाती जे असेल त्याप्रमाणे वजन बदलावे: ५ ग्रॅम इन्स्टंटच्या जागी अ‍ॅक्टिव्ह ड्राय ६ ग्रॅम किंवा ताजे १५ ग्रॅम.

पाकीट बरेच दिवस उघडे राहिले असेल तर मात्र कोणत्याही प्रकारचे यीस्ट तपासून घेणे बरे. अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर आणि अर्धा चमचा यीस्ट ढवळून दहा मिनिटे ठेवावे. जिवंत यीस्टवर मऊ, फिक्या तपकिरी रंगाचा फेस चढतो आणि ताज्या पावासारखा वास येतो. पाणी नुसते गढूळ राहिले तर ते यीस्ट टाकून द्यावे. जास्त घातल्याने मेलेले यीस्ट जिवंत होत नाही. उघडलेले पाकीट हवाबंद डबीत घालून फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवले तर कित्येक महिने चांगले राहते.

आता पाण्याचे तापमान. यीस्टला २७ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास सगळ्यात जास्त उत्साह असतो, ४५ च्या पुढे ते मलूल होऊ लागते आणि ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान मरते. पीठ मळून झाल्यावर ते २५ ते २७ अंशांवर असावे हा आपला हेतू, आणि त्यासाठी गारठ्याच्या दिवसांत पाणी ३५ अंशांच्या आसपास पुरते. थर्मामीटर नसेल तर हिशोब सोपा आहे: २० अंशांच्या चार वाट्या पाण्यात एक वाटी उकळते पाणी मिसळले की सुमारे ३६ अंशांचे पाणी तयार होते. त्याचे दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकले असता ऊनही लागत नाहीत आणि गारही लागत नाहीत. खोलीचेच तापमान ३० च्या वर असेल तर पाणी मुळीच तापवू नये. माठातले गार पाणी चालेल.

मी पहिल्यांदा पीठ भिजवले तेव्हा ‘कोमट’ या शब्दाचा अर्थ अंघोळीच्या पाण्यावरून ठरवला होता आणि वर ‘असू दे थोडे जास्त, लवकर फुगेल’ असे म्हणून केटलमधले आणखी घातले होते. तीन तासांनी झाकण काढले तेव्हा गोळा जसा ठेवला होता तसाच होता, त्यावर माझ्या बोटांचे ठसेसुद्धा शाबूत होते. म्हणून शंका असेल तेव्हा पाणी थोडे गारच घ्यावे. गार पाण्याने उशीर होतो. कढत पाण्याने सगळेच संपते.

पीठ भिजवणे आणि मळणे

मोठ्या परातीत किंवा पसरट भांड्यात मैदा, साखर आणि यीस्ट हाताने एकत्र करून घ्यावे, मध्ये खळगा करून सगळे पाणी ओतावे आणि कोरडे पीठ कोठेही दिसणार नाही इतपतच कालवावे. अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर ते याच पाण्यात आधी दहा मिनिटे भिजवलेले असावे. मीठ आणि तेल अजून घालायचे नाही. हे खडबडीत, ओबडधोबड मिश्रण झाकून २० मिनिटे तसेच ठेवून द्यावे.

ही विश्रांती बहुतेक नवखे लोक वगळतात, आणि तसे करून स्वतःचेच काम वाढवतात. पिठाला पाणी मिळाल्यावर ग्लुटेनचे जाळे कोणी हात न लावताही विणले जाऊ लागते. रेमों काल्व्हेल या फ्रेंच बेकरी-तज्ज्ञाने १९७४ मध्ये ही पद्धत रूढ केली आणि तिला ‘ऑटोलिज’ असे नाव दिले. काटेकोर ऑटोलिजमध्ये फक्त पीठ आणि पाणी असते. आपण सोयीसाठी यीस्ट आणि साखर घातली आहे, पण मीठ मागे ठेवले आहे, कारण मीठ जाळे विणण्याचा वेग कमी करते. वीस मिनिटांनी तेच मिश्रण चिमटीत धरून ओढले तर ते तुटण्याऐवजी ताणले जाते, आणि मळण्याचे निम्मे कष्ट वाचलेले असतात.

आता मीठ वरून पसरून भुरभुरावे, तेल घालावे आणि मळायला घ्यावे. पहिली दोन मिनिटे पीठ निसरडे होईल, तेल बाहेर राहील आणि काहीतरी बिनसले असे वाटेल. तसे काही नसते, तेल मुरू द्यावे. मग गोळा ओट्यावर घेऊन तळहाताच्या टाचेने पुढे रेटावा, पुढचा भाग दुमडून मागे आणावा, पाव फेरी फिरवावा आणि पुन्हा रेटावा. ही लय आठ मिनिटे चालू ठेवावी.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पीठ बोटांना आणि ओट्याला सगळ्यात जास्त चिकटते. नेमक्या याच क्षणी नवख्याचा हात पिठाच्या डब्याकडे जातो आणि येथेच पुढच्या कडक, न फुगणाऱ्या रोटीचा पाया घातला जातो. मूठभर कोरडे पीठ म्हणजे साधारण ४० ग्रॅम. तेवढ्याने पाण्याचे प्रमाण ६५ वरून ६० टक्क्यांवर येते. त्याऐवजी ओटा बोथट पातीने खरवडून घ्यावा, हात किंचित ओले किंवा तेलकट करावेत आणि मळत राहावे. सहाव्या मिनिटाच्या सुमारास गोळा आपण होऊन ओटा सोडू लागतो, आणि आठव्या मिनिटाला त्याचा पृष्ठभाग तुकतुकीत होतो. मळणी पुरी झाली की नाही हे पाहण्यासाठी लिंबाएवढा तुकडा काढून दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू पसरावा. उजेडाकडे धरल्यावर पलीकडचे बोट अंधुक दिसेल इतका पातळ पडदा न फाटता तयार झाला तर मळणी झाली. तो लगेच फाटत असेल तर गोळा पाच मिनिटे झाकून ठेवावा आणि मग आणखी दोन मिनिटे मळावा.

यंत्राने मळत असाल तर मंद गतीवर सहा-सात मिनिटे पुरतात. यंत्र पीठ तापवते, म्हणून त्या वेळी पाणी थोडे गार घ्यावे.

कच्चे पीठ चाखून पाहू नये. मैदा हा शिजवलेला पदार्थ नाही, त्यात पोट बिघडवणारे जिवाणू असू शकतात, आणि मिठाचा अंदाज काट्यावर आधीच घेतलेला असल्यामुळे चाखण्याची गरजही राहत नाही.

पीठ फुगू देणे

तेलाचा हात लावलेल्या भांड्यात गोळा ठेवून वर झाकण किंवा ओले, घट्ट पिळलेले फडके घालावे. उघडे पीठ वरून वाळते, त्यावर कातडे धरते आणि ते कातडे पुढे लाटताना गुठळ्या होऊन रोटीत दिसते. २६ ते २८ अंशांच्या खोलीत पीठ दुप्पट व्हायला तास ते दीड तास लागतो, उकाड्यात पाऊण तासातही काम होते आणि कडाक्याच्या थंडीत तीन तास लागू शकतात. थंडीत गोळ्याचे भांडे बंद ओव्हनमध्ये ठेवून शेजारी गरम पाण्याचे पातेले ठेवावे; आतली हवा ऊबदार आणि दमट राहते.

‘दुप्पट’ हे डोळ्यांनी ठरवणे अवघड असते, विशेषतः पसरट भांड्यात, कारण तेथे पीठ वर कमी आणि बाजूला जास्त पसरते. यावर एक युक्ती मला उपयोगी पडली आहे. मळून झाल्यावर पिठाचा छोटा तुकडा सरळ भिंतीच्या काचेच्या पेल्यात दाबून बसवावा, त्याच्या उंचीवर रबरबँड लावावे आणि पेला मोठ्या भांड्याच्या शेजारीच ठेवावा. पेल्यातले पीठ त्या खुणेच्या दुप्पट उंचीला पोहोचले की मोठे पीठही तयार आहे असे समजावे. दुसरी कसोटी बोटाची: पिठी लावलेले बोट दोन पेरे आत खुपसून काढावे. खळगा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धवट भरला तर पीठ तयार आहे. अजिबात भरला नाही आणि आजूबाजूचे पीठही खाली बसले तर वेळ टळून गेली आहे.

घाई नसेल तर पीठ अर्धा तास बाहेर ठेवून, एकदा दाबून, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. सुमारे ४ अंशांवर यीस्टचे काम फार मंद चालते, पण थांबत नाही, आणि त्या ८ ते २४ तासांत पिठाला जो वास आणि जी चव येते ती तासाभराच्या पिठाला येत नाही. मी स्वतः आता याच पद्धतीने करतो. गार पीठ लाटायलाही सोपे जाते. मात्र गोळे करून झाल्यावर त्यांना बाहेर तासभर तरी मिळायला हवा.

गोळे आणि लाटणे

फुगलेले पीठ ओट्यावर उलटावे, तळहाताने हलकेच दाबून मोठे बुडबुडे काढावेत आणि वजन करून ८५ ग्रॅमचे दहा तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याच्या कडा खाली मध्याकडे ओढून चिमटाव्यात, मग गोळा ओट्यावर ठेवून वाकवलेल्या तळव्याखाली गोल फिरवावा, म्हणजे वरची त्वचा ताणून गुळगुळीत होते. हे गोळे झाकून २० मिनिटे ठेवावेत. लाटताना पीठ रबरासारखे मागे येत असेल तर ते ही विश्रांती कमी पडल्याचे लक्षण आहे. जोर लावण्यापेक्षा तो गोळा बाजूला ठेवून दुसरा घ्यावा.

पोळपाटावर अगदी थोडी पिठी भुरभुरून मध्यापासून बाहेरच्या बाजूला लाटावे, दर वेळी पाव फेरी द्यावी आणि लाटणे कडेच्या अलीकडेच थांबवावे, नाहीतर कड पातळ पडते. सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाची आणि ४ ते ५ मिलिमीटर जाडीची रोटी हवी. यापेक्षा पातळ असेल तर ती फुगण्याआधीच कुरकुरीत होते आणि जाड असेल तर आतपर्यंत उष्णता वेळेत पोहोचत नाही. लाटून झालेल्या रोटीवर घडी, सुरकुती किंवा छिद्र नाही ना हे उजेडात पाहावे, कारण वाफ नेमकी तेथूनच निसटते. लाटलेल्या रोट्या पिठी लावलेल्या कापडावर सुट्या मांडून, वरून कोरड्या कापडाने झाकून दहा मिनिटे ठेवाव्यात. त्या वाळू देऊ नयेत. वाळलेला पृष्ठभाग ताणला जात नाही, तो तडकतो, आणि तडकलेली रोटी फुगत नाही.

भाजणे

ओव्हन शक्य तितका, म्हणजे घरगुती ओव्हनमध्ये बहुधा २५० अंशांवर, तापवावा, आणि त्यात सुरुवातीपासूनच बेकिंगचा दगड, जाड लोखंडी तवा किंवा दुसरे काही नसेल तर उलटा घातलेला जाड ट्रे ठेवावा. ओव्हनचा दिवा ‘तापला’ असे सांगू लागला तरी थांबावे, कारण त्या वेळी आतली हवा तापलेली असते, दगड नव्हे. दगडाला पूर्ण तापायला ३० ते ४५ मिनिटे लागतात, म्हणून गोळे करायला घेण्यापूर्वीच ओव्हन सुरू करावा.

ही उष्णता एवढी का लागते हे समजले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. तापलेल्या दगडावर रोटी पडताच तिचा खालचा थर काही सेकंदांत पक्का होतो आणि वरचा थर गरम हवेने सावकाश पक्का होऊ लागतो. मधले पीठ अजून ओले असते. तेथले पाणी उकळते, आणि पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे-सतराशे पट जागा मागते. बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ती दोन्ही थर एकमेकांपासून उचलून वेगळे करते. पोकळी होते ती मुख्यतः या वाफेमुळे. यीस्टच्या वायूचा वाटा रोटीच्या मऊपणात आणि चवीत जास्त. भट्टी कमी तापलेली असेल तर पाणी हळूहळू, चहूबाजूंनी उडून जाते आणि रोटी चपटीच वाळते.

रोटी तळहातावर घेऊन, कापडाला लागलेली बाजू वर येईल अशी पालथी करून, झटकन दगडावर टाकावी आणि दार लगेच बंद करावे. एका वेळी दोनपेक्षा जास्त टाकू नयेत. मग काचेतून पाहत राहावे, कारण हा भाग खरोखर पाहण्यासारखा असतो. पहिले मिनिटभर काहीच होत नाही, फक्त रोटीचा ओलसर रंग पांढरट होतो. मग कडेजवळ कोठेतरी पावलीएवढा फोड येतो, त्याच्या शेजारी दुसरा, आणि ते एकमेकांना मिळता मिळता सगळी रोटी एका बाजूने उचलली जाऊन टम्म फुगते. त्यानंतर मिनिटभरात, म्हणजे एकूण तीन ते पाच मिनिटांत, ती बाहेर काढावी. वर फिके तपकिरी ठिपके आले तर उत्तम, पण पूर्ण रंग येण्याची वाट पाहिली तर रोटी थंड झाल्यावर कडक होते.

काही सावधगिरी येथे सांगणे भाग आहे. हातमोजे कोरडे असावेत, कारण ओल्या कापडातून चटका लगेच लागतो. बेकिंगचा कागद वापरत असाल तर तो किती अंशांपर्यंत चालतो ते पाकिटावर पाहावे. अनेक कागद २२० अंशांच्या पुढे वापरण्यासाठी नसतात. नुकती काढलेली रोटी तोंडाजवळ धरून फाडू नये, आतली वाफ भाजते. दोन खेपांच्या मध्ये दगडावरची करपलेली पिठी कोरड्या ब्रशने झाडून टाकावी, नाहीतर शेवटच्या रोट्या कडवट लागतात.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या लोखंडी तव्यावरही ही रोटी चांगली होते. तवा मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटे कोरडाच तापवावा. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत उडून गेला पाहिजे. रोटी टाकल्यावर साधारण ३० सेकंदांनी, वर बारीक बुडबुडे दिसताच उलटावी. दुसरी बाजू मिनिट-दीड मिनिट भाजावी आणि पुन्हा उलटावी. या तिसऱ्या वेळी ती फुगते. एकीकडेच फुगू लागली तर दुमडलेल्या कापडाने फुगीर भाग हलकेच दाबावा, म्हणजे वाफ दुसऱ्या बाजूला सरकते. तव्यावरच्या रोटीला डाग जास्त पडतात आणि पापुद्रे किंचित जाड राहतात. चवीला मला तीच जास्त आवडते.

काढलेल्या रोट्या एकावर एक ठेवून जाड, स्वच्छ कापडात गुंडाळाव्यात. उघड्यावर ठेवलेल्या रोटीचा वरचा थर दहा मिनिटांत कडक होतो. कापडात अडकलेली वाफ तो पुन्हा मऊ करते. रोटी खाली बसली तरी पोकळी आत तशीच असते.

पहिल्या रोटीवरून काय ओळखावे

रोटी फुगली नाही, पण खालून चांगली भाजली आहे आणि वर तडे आहेत, तर पृष्ठभाग वाळला होता. उरलेल्या रोट्यांवर ओलसर कापड टाकावे. फुगली नाही आणि दोन्ही बाजूंनी फिकी आहे, तर दगड तापला नव्हता; दहा मिनिटे थांबावे. एका कोपऱ्यात फोड आला आणि फुस्सकन बसला, तर तेथे सुरकुती किंवा छिद्र होते, आणि त्यावर पुढची नीट लाटण्याखेरीज उपाय नाही. फुगली, पण चामड्यासारखी चिवट झाली, तर एकतर पीठ घट्ट होते किंवा रोटी जास्त वेळ आत राहिली. पुढची मिनिटभर आधी काढून पाहावी. दारूसारखा उग्र वास येत असेल आणि रंग धरत नसेल, तर पीठ जास्त आंबले आहे, त्यातली साखर यीस्टने संपवली आहे. त्या पिठाच्या रोट्या पातळ लाटून कुरकुरीत भाजाव्यात, त्या वाया जात नाहीत.

साठवण

उरलेल्या रोट्या फ्रीजमध्ये ठेवू नयेत. भाजताना फुललेला स्टार्च थंड होताना पुन्हा स्फटिकासारखा घट्ट होतो, त्यामुळेच रोटी शिळी लागते, आणि ही क्रिया फ्रीजच्या तापमानात सगळ्यात वेगाने होते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खायच्या असतील तर बंद डब्यात बाहेरच ठेवाव्यात. त्याहून जास्त ठेवायच्या असतील तर पूर्ण गार झाल्यावर, दोन रोट्यांच्या मध्ये कागद घालून, पिशवीतली हवा काढून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात; महिनाभर त्यांना काही होत नाही. काढल्यावर वितळण्याची वाट पाहू नये. गोठलेल्या रोटीच्या दोन्ही बाजूंना ओले बोट फिरवावे, तापलेल्या तव्यावर ठेवून झाकण घालावे आणि मिनिटभराने उलटावी. ताजी असेल तर कधीकधी ती तव्यावर दुसऱ्यांदाही फुगते.